म्हाताऱ्या मांजरीला नवीन खाणं कसं लावायचं?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही इंदूरला रामबागेत राहतो, आमची चिमी आता १४ वर्षांची झाली. आजवर एकाच कंपनीचे मासळीचे कोरडे दाणे खात आली, आता ते मिळेनासे झालेत आणि दुसरं काहीही आणलं तरी हुंगते नि निघून जाते. दूध तेवढं पिते. सासूबाई म्हणतात दोन दिवस काही देऊ नका, भूक लागली की झक मारत खाईल. वजनपण उतरल्यासारखं वाटतंय. आमच्या घरात मांस-मच्छी शिजत नाही. काय करू?

उत्तर : आधी ते दोन दिवस उपाशी ठेवायचं डोक्यातून काढून टाका. सासूबाई चिमीच्या काळजीनंच सांगत असणार, पण मांजराचं शरीर वेगळं असतं हो, पोटात अन्न गेलं नाही की अंगातली चरबी लिव्हरकडे जायला लागते, लिव्हरला ती पेलत नाही, तिथेच साठते आणि थोड्याच दिवसांत कावीळ होऊन मांजराच्या जिवावर बेततं. जाड मांजरांना तर धोका जास्तच. म्हणून चोवीस तास काहीच खाल्लं नाही की डॉक्टरला फोन करायचा, वाट बघायची नाही.

आणि खरं सांगू का, तुमच्या पत्रातलं वजनाचं वाक्य मला जास्त खटकलं. चिमीला कडेवर घेऊन वजनकाट्यावर उभ्या राहा, मग तुमचं एकटीचं वजन वजा करा. ४ किलोच्या मांजरीचं ४०० ग्रॅम कमी होणं म्हणजे ६० किलोच्या माणसाचं ६ किलो जाण्यासारखं आहे! या वयात नखरे वाटतात ते पुष्कळदा दुखणं असतं. दात हिरडीपाशी झिजून पोकळ होतात, मग भूक असूनही दाणा तोंडातून खाली पडतो किंवा एकाच बाजूनं चावणं चालतं, आणि दूध कसं, चावायला लागत नाही. किडनी थकली असेल तर मळमळतं, पाणी जास्त पितात, लघवी वाढते. थायरॉइड वाढला तर भरपूर खाऊनही वाळतात. तेव्हा तोंड तपासून घ्या, रक्तात किडनीसाठी क्रिएटिनिन आणि थायरॉइडसाठी टी-फोर बघा, लघवी आणि बीपीपण. तुमच्याजवळ महूला व्हेटरनरी कॉलेज आहे, १९५५ पासूनचं, तिथेही विचारता येईल.

आता खाण्याचं. मांजर नाकानं जेवतं, गोड चव तर तिला कळतच नाही, आणि म्हातारपणी वासही कमी येतो. म्हणून ओल्या खाण्याचं पाऊच फ्रिजमधून काढून गार तसंच समोर ठेवू नका, वाटी गरम पाण्यात ठेवून कोमट करा, साधारण अंगाच्या उष्णतेइतकं, बोट लावून बघायचं. पसरट बशीत चमचाभरच वाढा, दिवसातून चार-पाच वेळा, आणि अर्ध्या तासानं उचला, उन्हाळ्यात ओलं खाणं लगेच खराब होतं. तिला दाण्यांचीच सवय आहे तर आधी मासळीचेच, तशाच आकाराचे दुसऱ्या कंपनीचे दाणे आणा, थोडे कोमट पाण्यात भिजवून द्या. मग ग्रेव्हीतले तुकडे, मग एकदम मऊ पेस्ट, छोटी पाकिटं घ्या, पण सगळं एकदम मांडू नका, गोंधळते बिचारी. एक आवडलं की हळूहळू आठ-दहा दिवसांत वाढवा. आणि औषध त्यात लपवू नका, एकदा कडू लागलं की त्या खाण्यावरच तिचा विश्वास उडतो.

दूध कमी करा. मोठ्या मांजरांना बहुधा ते पचत नाही, जुलाब होतात, वर पोट भरल्यामुळे बाकी काही खात नाही. दूध-पोळीवर आपल्याकडे मांजरं वाढली हे खरं, पण ती बाहेर उंदीर-पाखरं मारून खायची. टॉरिन नावाचं द्रव्य मांसातूनच मिळतं, त्याच्या कमतरतेनं मांजराचे डोळे आणि हृदय बिघडतं, हृदयाचं तर १९८७ मध्ये सिद्ध झालं. म्हणून पाकिटावर ‘कम्प्लीट’ लिहिलंय ना ते बघून घ्या, नुसती ट्रीट रोजचं जेवण नाही.

घरात शिजवायचं नाही तर नका शिजवू, पाऊच उघडून वाढायलाच असतं. कुणी शेजारी चिकन उकडून देत असेल तर साधं, मीठ-मसाला नको, कांदा-लसूण तर अजिबातच नको, त्यानं मांजराच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. आपल्या इंदूरची लसूण सेव कुणी लाडानं पुढे केली तरी थांबवा.

रिपोर्टमध्ये किडनीचं निघालं तर फॉस्फरस कमी असलेलं खाणं लावतात, तेही हळूहळूच, पण ती त्याला तोंडच लावत नसेल तर जे खातेय ते चालू ठेवा आणि डॉक्टरांना सांगा, भूक वाढवायची औषधंही असतात. घरातलं पॅरासिटामॉल मात्र कधीच देऊ नका, मांजराला ते विष आहे.