मनोरा की मिनार?

दुसऱ्या महायुद्धात इराकमध्ये असलेल्या आजोबांनी घरी पाठवलेल्या छायाचित्रामागे 'सामर्रा येथील मनोरा' असे लिहिले आहे. त्याचे 'मिनार' असे शुद्धीकरण करावे का, आणि घरातले काहीजण 'घुमट' म्हणतात ते चालेल का, असे एका वाचकाने विचारले आहे.

घुमट चालणार नाही. मशिदीचा कोणताही उंच भाग दिसला की त्याला घुमट म्हणण्याची खोड आता बातम्यांनाही लागली आहे. घुमट म्हणजे पालथ्या वाडग्यासारखे छत. छायाचित्रात बाहेरच्या अंगाने वेटोळे घेत वर जाणारा उतार दिसत असेल, तर तो नवव्या शतकात खलिफा अल-मुतवक्किल याच्या काळात बांधलेला, सुमारे ५२ मीटर उंचीचा 'मलविया' मनोरा होय. त्याच शहरातील अल-अस्करी दर्ग्यावर सोनेरी घुमट होता, जो फेब्रुवारी २००६ मधील स्फोटात उद्ध्वस्त झाला. त्यामुळे 'सामर्ऱ्याचा घुमट' लिहिल्यास वाचणारा भलत्याच वास्तूपाशी पोहोचेल.

'शुद्धीकरण' हा शब्द मात्र फारच खटकला. मूळ अरबी शब्द 'मनारा'. 'नूर' (प्रकाश) आणि 'नार' (आग) ज्या धातूतून आले त्याच धातूतला, म्हणजे प्रकाशाचे ठिकाण, आणि म्हणूनच अरबीत दीपगृहालाही तोच शब्द. फारसीत त्याचा 'मिनार' होताना पहिल्या अक्षराला इकार चिकटला. मराठीच्या 'मनोऱ्या'त अरबी अकार शाबूत आहे. तरीही मनोऱ्याला मिनारचा अपभ्रंश ठरवून मोकळे होणाऱ्या पंडितांनी हा अकार कुठून आला ते एकदा सांगावे. मधल्या ओकाराविषयी माझा तर्क असा, की मनोरथ, मनोरंजन, मनोहर अशा शब्दांनी घडलेल्या मराठी कानाला 'मना' पुढे ओकारच ओळखीचा वाटला. गंमत अशी, की सात फाट्यांच्या दीपवृक्षाचा हिब्रू 'मेनोरा' याच सेमिटिक (अरबी आणि हिब्रू ज्या भाषाकुळातल्या, त्या कुळाच्या) धातूचा आहे आणि तिथेही प्राचीन 'आ'चा 'ओ' झालेला आहे. दोन भाषा, एकमेकींना न विचारता, एकाच उच्चाराशी येऊन थांबल्या. मात्र 'मनोरम' पासून 'मनोरा' काढणाऱ्यांनी हा आधार आपल्या बाजूने वापरू नये. ओकार ऐकण्याच्या सवयीने बदलणे वेगळे आणि परकीय शब्दाला संस्कृत आईबाप शोधून देणे वेगळे.

'मिनार' हे रूप चारमिनार, कुतुबमिनार अशा विशेषनामांत रूढ आहे, तिथे ते तसेच राहू द्यावे. आजोबांच्या ओळीत एक अक्षरही बदलण्याची गरज नाही.