उसाचा पाला गॅस प्रकल्पाला द्या, पण एक सरी रानातच ठेवा

प्रश्न : ऊस तुटला की एजंट बेलर घेऊन दारात येतो. पाल्याचे गठ्ठे बांधून गॅसच्या प्रकल्पाला नेतो, रान साफ होईल आणि वर पैसेही मिळतील, असं सांगतो. द्यावा का? (निपाणी, कागवाड, रायबाग भागातील शेतकरी)

द्या, पण सगळा देऊ नका. एका सरीतला उचलू द्या, शेजारच्या सरीतला तसाच ठेवा. एकरी तीन-चार टन पाला निघतो. त्यातल्या टनाला चार-पाच किलो नत्र आणि नऊ-दहा किलो पालाश असतं. रान साफ झालं म्हणजे मार्चच्या उन्हाला उघडं पडलं, आणि खोडव्याला (तुटलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा येणाऱ्या पिकाला) पाण्याची एक पाळी वाढली. हा हिशेब एजंट सांगणार नाही. फड पेटवण्यापेक्षा पाला विकलेला कधीही बरा, पण निम्मा पाला खोडव्याचाच आहे.

प्रकल्पाची घाई का, तेही समजून घ्या. बंद टाकीत पाला, मक्याची धाटं, प्रेसमड (साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणारा गाळ) कुजवून गॅस काढतात आणि तो शुद्ध करून ९० टक्क्यांच्या वर मिथेन झाला की गाडीत भरतात. टाकी बाराही महिने चालते, ऊस मात्र चार-पाच महिनेच तुटतो. म्हणून हंगामात मिळेल तेवढा माल साठवायचा असतो. इथेनॉलच्या कारखान्याची भूक तर आणखी मोठी आहे. हरियाणात पानिपतला २०२२ साली सुरू झालेल्या कारखान्याला वर्षाला दोन लाख टन भाताचा पेंढा लागतो. एवढी भूक असलेला माणूस तुमच्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब, म्हणजे तिचा कस, मोजत बसत नाही. तो तुम्हीच मोजायचा.

आता वेळेचं. पाला तीन-चार दिवस वाळू द्या आणि आठ दिवसांच्या आत गठ्ठे बाहेर काढा. बेलर दुसऱ्या गावात अडकलाय, पंधरा दिवसांनी येतो, असं म्हणाला तर सरळ नको म्हणा. तोवर कोंब वर आलेले असतात. असे फड मी पुष्कळ पाहिलेत. चाक जिथून गेलं त्या पट्ट्यात कोंब बुडाशी मोडलेले, आणि पुढे नांग्याच नांग्या, म्हणजे रिकाम्या जागा. ओल्या रानात ट्रॅक्टर घालू नका. गठ्ठ्यात माती गेली की प्रकल्पावर वजन कापतात, आणि ती कपात तुमच्याच पैशातून होते. आठ दिवसांनंतर बेलर नको, हे पुन्हा सांगतो.

प्रश्न : राहिलेला पाला कुजवायला दुकानदार एकरी दोन पोती युरिया आणि डीएपी सांगतो.

टाकू नका. टनाला ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारं जिवाणू कल्चर, बस्स. निम्मा पाला ठेवला तर एकरी दीड-दोन टन राहतो, म्हणजे युरिया १२ ते १६ किलो. पोतं ४५ किलोचं असतं. दोन पोती कुणासाठी? डीएपीची गरज नाही, सुपरनं भागतं. कोरड्या पाल्यावर भर उन्हात युरिया फेकला तर नत्र हवेत उडून जातं, म्हणून तो संध्याकाळी टाका आणि लगेच पाणी द्या. कल्चर युरियात मिसळू नका, ते कुजलेल्या शेणखतातून वेगळं टाका. बुडखे मात्र आधी जमिनीबरोबर छाटून घ्या.

प्रश्न : सुपर नेपियर गवत लावा, गॅस कंपनी करार करून घेते, आधी सभासद फी भरा, असं सांगतात.

फी भरू नका. प्रकल्प उभा आहे का, चालू आहे का, ते स्वतः जाऊन बघा. टाकी दिसली नाही तर कांडी लावू नका. बायोडिझेलसाठी सांगितलेल्या जट्रोफाच्या वेळी बांधावर रोपं लागली आणि बिया घ्यायला कुणी आलं नाही, हे विसरू नका. हिरवं गवत चार दिवसही थांबत नाही, त्यामुळे लांबचा प्रकल्प असेल तर वाहतुकीतच पैसे जातात. करार कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असेल तर कृषी खात्याच्या रयत संपर्क केंद्रात नेऊन वाचून घ्या, मगच अंगठा किंवा सही. दर, वजनाची जागा, ओलाव्याची कपात आणि पैसे मिळण्याची तारीख या चार गोष्टी कागदावर नसतील तर तो करार नव्हे.

अनुदानाचं थोडक्यात : केंद्रानं २०२३ साली मंजूर केलेलं टनाला १,५०० रुपये साहाय्य प्रकल्पातून निघणाऱ्या सेंद्रिय खताच्या विक्रीला आहे, पाला विकणाऱ्याला नाही. बेलरच्या अनुदानाबद्दल फ्रूट्स क्रमांक (कर्नाटकातला शेतकरी नोंदणी क्रमांक) घेऊन रयत संपर्क केंद्रात विचारा.

प्रश्न : डिस्टिलरीचं सांडपाणी टँकरनं फुकट मिळतंय, सोडू का? (अथणी)

नको. त्यात पालाश आहे हे खरं, पण क्षारही तितकेच. कृष्णाकाठची रानं आधीच पांढरी पडताहेत. माती तपासून क्षारता कळल्याशिवाय एक टँकरही रानात घेऊ नका, उभ्या पिकात तर मुळीच नको. प्रेसमडसुद्धा ताजा, गरम टाकू नका. ढीग लावून कुजवा आणि लागणीआधी सरीत घाला.