पिवळ्या पडलेल्या, वास येणाऱ्या उशा घरी धुता येतात का, की टाकून द्याव्यात?

तुम्ही लिहिलंय की घरात चार उशा आहेत, दोन ऑनलाइन मागवलेल्या हलक्या आणि दोन आईकडून आलेल्या जड. चारही पिवळ्या पडल्यात, पावसाळा सुरू झाल्यापासून कुबट वास येतोय आणि रविवारी सगळ्या एकदम मशीनला लावाव्यात असं मनात आहे. कृपा करून त्या जड उशा मशीनमध्ये टाकू नका. बाकीचं उत्तर सावकाश वाचा, पण एवढं आधी ऐका.

मी डोंबिवलीत राहते. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये आमच्या आप्पांची, म्हणजे सासऱ्यांची, कापसाची उशी मी मशीनमध्ये धुतली होती. बाहेर काढली तेव्हा ती ओल्या वाळूच्या पिशवीसारखी लागत होती. तीन दिवस गॅलरीत पंख्याखाली ठेवली. चौथ्या दिवशी हाताला कोरडी लागली म्हणून अभ्रा चढवून आप्पांना दिली. त्यांना दम्याचा त्रास होता. आठवड्याभरात रात्रीचा खोकला वाढला, आणि डॉक्टरांनी औषध बदलण्याआधी विचारलं, "उशी, पांघरूण कधीचं आहे?" घरी येऊन मी शिवण उसवली. आत कापसाचे लिंबाएवढे गोळे झाले होते आणि एक गोळा फोडला तर मधोमध करडी-काळी बुरशी, हाताला अजून गार. वरचा इंचभर थर तेवढा वाळला होता. आप्पा त्यावर आठ रात्री झोपले, ही गोष्ट अजून माझ्या मनातून जात नाही.

तेव्हापासून मी उशीच्या बाबतीत एकच गोष्ट धरून चालते. धुणं हे काम नव्हेच, खरं काम वाळवणं आहे. जी उशी आतपर्यंत वाळवता येणार नाही, तिला पाणी लावायचं नाही.

वाळेल की नाही हे आत काय भरलंय त्यावर ठरतं. लेबल नसेल तर खोळीची शिवण दोन बोटं जाईल एवढी उसवा. (आतलं शिवलेलं कापड ती खोळ, वरून घालतो-काढतो तो अभ्रा. दुकानात दोन्हीला कव्हरच म्हणतात, म्हणून सांगितलं.) चिमूटभर भरण बाहेर ओढा. पांढरंशुभ्र, चकाकणारं आणि दाबून सोडलं की लगेच फुलणारं असेल तर ते फायबर, म्हणजे पॉलिएस्टर. फिकट, बिनचमकीचं, दाबलं की दबूनच राहणारं आणि मध्ये सरकीचा एखादा तुकडा सापडणारं, तो कापूस. एकसंध ठोकळा निघाला तर फोम. आणि रेशमासारखं मऊ, इतकं हलकं की श्वासानेही उडेल, ती सावर. तुमच्या हलक्या उशा बहुतेक फायबरच्या असतील आणि जड कापसाच्या, पण खात्री करून घ्या.

पॉलिएस्टरचा तंतू स्वतः पाणी पीत नाही म्हणण्याइतकं कमी पितो. पाणी नुसतं तंतूंच्या मधल्या जागेत अडकतं, ते मशीनच्या स्पिनने फेकलं जातं. कापसाचं तसं नाही. सुका दिसणारा कापूसही हवेतून आपल्या वजनाच्या 7-8 टक्के ओल धरून बसलेला असतो आणि भिजला की पाणी तंतूच्या आत शिरतं. त्यात गोळे झाले की गोळ्याच्या पोटातलं पाणी बाहेर यायला वाटच राहत नाही. शिवाय मशीनमध्ये जुनी खोळ फाटली तर कापूस थेट पंपाच्या जाळीत जाऊन बसतो, तो खर्च वेगळा.

आता तुमच्या हलक्या उशा. या धुता येतात. पण धुण्याआधी एक काम करा, जे मला कुणी सांगितलं नव्हतं. कोरडी उशी स्वयंपाकघरातल्या काट्यावर किंवा प्रवासाच्या बॅगा मोजायच्या लटकत्या काट्यावर तोला आणि आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवा. माझी एक 720 ग्रॅम आहे, दुसरी 690. हा आकडा पुढे लागणार आहे.

पिवळे डाग घाम, लाळ आणि डोक्याच्या तेलाचे असतात. घाम आणि लाळ साबणाने निघते, खोबरेल तेल इतक्या सहज निघत नाही. तेलाच्या डागावर भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून बोटांनी चोळा आणि वीस मिनिटं राहू द्या. मग मशीनमध्ये दोन उशा समोरासमोर ठेवा. एकटी उशी टाकली की ड्रम एका बाजूला ओढला जातो आणि स्पिनला मशीन थडथडतं. साबण लिक्विडच घ्या, नेहमीच्या कपड्यांना लागतो त्याच्या निम्म्याहून कमी. जास्त घातला तर आत राहतो, आणि साबण राहिलेली उशी धूळ आणि ओल दोन्ही धरते. सॉफ्टनर अजिबात नको, त्याने तंतू चिकट होऊन बसतात. खळबळणं दोनदा लावा, स्पिनही दोनदा. लेबलवर 60 अंश चालतं असं असेल तर तेवढंच लावा, नाहीतर 40.

मशीन नसेल किंवा लहान असेल तर मोठा टब घ्या, कोमट पाणी. उशी पाण्याखाली दाबायची आणि सोडायची, एवढंच. घासायचं नाही, आपटायचं नाही. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघेल, दचकू नका. फेस यायचा थांबेपर्यंत पाणी बदला, चार-पाच वेळा तरी लागतं. पिळायचं मात्र नाही. पिळलं की तंतू एका बाजूला सरकून गुठळी होते ती कायमची. दोन जाड टॉवेलांच्या मध्ये ठेवून वर गुडघे टेकून दाबलं की बरंच पाणी टॉवेलात उतरतं.

मग वाळवणं. दोरीवर कोपऱ्याला चिमटा लावून टांगलेली उशी मी बिल्डिंगमध्ये सगळीकडे बघते, ते चुकीचं आहे. सगळं भरण आणि सगळं पाणी खालच्या टोकाला उतरतं आणि तिथेच वास धरतं. आडवी ठेवा, खालूनही हवा लागेल अशी. बाज असेल तर उत्तम. आमच्याकडे बाज नाही, मी प्लास्टिकच्या दोन खुर्च्या थोड्या अंतरावर समोरासमोर ठेवते आणि उशी मध्ये पुलासारखी टेकवते. दर तासा-दोन तासांनी उलटायची, दोन्ही तळव्यांत धरून थोपटायची आणि बोटांना गुठळी लागली की खोळीवरूनच ती दोन्हीकडे ओढून सोडवायची. पहिल्या दिवशी हे चुकवलं तर दुसऱ्या दिवशी गुठळी सुटत नाही. ऊन उतरलं की आत आणा. रात्रभर बाहेर राहिली तर दिवसभरात गेलेली ओल परत येते.

सोलापूरला माझ्या नणंदेकडे मे महिन्यात फायबरची उशी एका दिवसात कडकडीत वाळते. इथे ऑक्टोबरमध्ये दोन दिवस लागतात. आणि जुलै-ऑगस्टमध्ये? वाळतच नाही. किनारपट्टीच्या हवेत तेव्हा 80 टक्क्यांच्या वर ओल असते, उशीतलं पाणी जाणार कुठे? म्हणून रविवारी फायबरच्या उशाही धुऊ नका. आपल्याकडे घटस्थापनेच्या आधी घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण काढून धुवायची पद्धत आहे, गावाकडे तर गोधड्यांनी नदीकाठ भरून जायचा. पाऊस ओसरतो, ऊन चढायला लागतं, तेव्हाचं हे धुणं. तेच वेळापत्रक उशीलाही लावा. एकदा पावसानंतर, एकदा उन्हाळ्यात, वर्षाला दोन धुणी पुरतात.

वाळली का, हे हाताने ठरवू नका, माझा हात मला फसवून बसलाय. काट्यावर ठेवा. धुण्याआधीचा आकडा आला की वाळली. माझी 720 ची उशी दुसऱ्या संध्याकाळी हाताला अगदी कोरडी लागत होती आणि काटा 790 दाखवत होता. म्हणजे अर्ध्या वाटीच्या आसपास पाणी अजून आत होतं.

आता जड उशा, ज्यांच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. त्या टाकूनही देऊ नका. चांगला कापूस पिंजला की पुन्हा फुलतो, नवी उशी घ्यायची गरज पडत नाही. खोळ एका बाजूने पूर्ण उसवा, कापूस जुन्या सुती साडीवर काढा, नाकाला ओढणी बांधून. काळे डाग पडलेला, कुजका वास येणारा कापूस वेगळा काढून सरळ फेका, त्याला ऊन दाखवून उपयोग नाही. उरलेला साडीवर पसरून वरून दुसरी पातळ साडी घाला, नाहीतर वाऱ्याने उडून शेजाऱ्यांच्या गॅलरीत जाईल, आणि दोन-तीन दिवस कडक ऊन दाखवा. खोळ गरम पाण्यात धुवा. विरलेली असेल तर मांजरपाटाची नवी शिवून घ्या. मग कापूस गादी कारखान्यात पिंजायला न्या.

पूर्वी पिंजारी दारात यायचे, पिंजणीची तार टणटण वाजायला लागली की आम्ही मुलं गोळा व्हायचो. आता बहुतेक ठिकाणी यंत्र असतं, काम दहा मिनिटांत होतं. पण समोर उभं राहून करून घ्या. नेण्याआधी घरी कापूस तोलून न्या आणि परत घेताना तोला. धूळ आणि बारीक चुरा गळून थोडी घट होतेच, ती चालायची. मी एकदा सोडून आले तर परत मिळालेल्या उशीत रंगीत चिंध्यांचा भुगा निघाला होता.

सावरीची उशी असेल तर तिला पाणी लावूच नका. हा तंतू मेणचट असतो, पाण्यावर तरंगतो, पूर्वी जहाजांवरच्या जीवरक्षक जॅकेटमध्ये हाच भरत. पण भिजवून दाबला की मोडतो आणि मग फुलत नाही. माझ्या आजीच्या घरामागे काटेसावर होती. फेब्रुवारी-मार्चमध्ये पान नसलेलं झाड लालभडक फुलायचं आणि एप्रिल-मेमध्ये बोंडं तडकायला लागली की आजी आम्हाला टोपली घेऊन पिटाळायची. बोंड उकललं की आत मऊ तंतूंत काळ्या बिया बसलेल्या असत, त्या एकेक वेचून काढायला दुपार जायची. दारं-खिडक्या बंद करून, पदर नाकाशी दाबून आजी खोळीत सावर भरायची. त्यातली एक उशी माझ्याकडे आहे. तिला महिन्यातून एकदा सकाळचं ऊन दाखवते आणि हलक्या हाताने थोपटते, बस्स.

फोमचं थोडक्यात सांगते. मेमरी फोम किंवा लॅटेक्स भिजवायचा नाही, मशीनमध्ये तो पाण्याच्या वजनानेच फाटतो. कडक उन्हातही ठेवू नका, पिवळा पडून चुरा व्हायला लागतो, लॅटेक्स तर आणखीच लवकर. खोळ धुवायची, डाग ओल्या फडक्याने टिपायचा, वासासाठी खायचा सोडा भुरभुरवून तासाभराने झटकायचा आणि सावलीत पंख्याखाली ठेवायचं.

मग सध्या, पावसात, काय करायचं? अभ्रे आठवड्याला बदला आणि सुती असतील तर 60 अंशांच्या पाण्यात धुवा. अंथरुणात माइट नावाचे किडे असतात, डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक. चावत नाहीत, आपल्या त्वचेची गळलेली सालपटं खातात आणि ओल हवेतूनच घेतात. ॲलर्जीवाल्याला त्रास होतो तो त्यांच्या विष्ठेचा. गार पाण्याने ती बरीचशी धुऊन जाते, पण किडे मरायला 55-60 अंश लागतात. अभ्र्याच्या आत चेनवाली घट्ट विणीची सुती खोळ चढवली तर घाम उशीपर्यंत पोचायला वेळ लागतो. डोक्याला तेल लावून झोपणारं कुणी असेल तर उशीवर जुना टॉवेल अंथरा, रोज बदला. सकाळी उठल्यावर उशीवर लगेच चादर ओढू नका, तासभर पंख्याखाली उघडी ठेवा. मध्येच दोन तास ऊन पडलं तर बाकीची कामं टाकून उशा बाहेर काढा, मी अजून तसंच करते.

फायबरची उशी मधोमध दुमडून सोडा. उलगडून जागेवर आली तर अजून चालेल. दुमडलेलीच राहिली तर धुऊन काही होणार नाही, तिचे तंतू मोडलेत, ती बदला. पुराच्या पाण्यात भिजलेली उशी कशाचीही असो, ती ठेवू नका, त्या पाण्यात गटार मिसळलेलं असतं.

आईच्या दोन उशांची शिवण मात्र आजच थोडी उसवून बघा. आत काळे डाग दिसले किंवा हाताला गार लागलं तर त्यावर कुणाला झोपू देऊ नका. तेवढा डागाळलेला कापूस आत्ताच काढून टाका आणि उरलेला सुती पिशवीत भरून कोरड्या जागी उंचावर ठेवा, प्लास्टिकमध्ये नको. ऑक्टोबरात उन्हं पडली की बाकीचं करता येईल.