बेनिडॉर्मला जाताना: स्पेनच्या घड्याळाशी जुळवून घ्या

स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावरच्या बेनिडॉर्मबद्दल या वेळी बरीच पत्रं आली आहेत. उंच इमारती, गर्दी आणि स्वस्त हॉटेलं म्हणून काही जण या गावाला नाकं मुरडतात. मला ते आवडतं. समुद्र, बाजार, बस, दवाखाना असं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर असल्यामुळे लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर इतकी सोयीची जागा त्या किनाऱ्यावर क्वचितच सापडेल. फक्त तिथे आपलं घड्याळ चालत नाही.

मुलांना मे महिन्यात सुट्टी असते. तेव्हा समुद्रात डुंबता येईल का? (पुणे)

ऊन छान असेल, पण पाणी गार लागेल. मे महिन्यात तिथल्या समुद्राचं तापमान साधारण 18-19 अंश असतं. कोकणातल्या कोमट पाण्याची सवय असलेली मुलं गुडघाभर पाण्यात शिरतील आणि कुडकुडत बाहेर येतील. शाळा उघडायच्या आत जूनचा पहिला आठवडा जमवलात तर बराच फरक पडेल. ऑगस्टमध्ये पाणी 26 अंशांपर्यंत जातं, पण तेव्हा निम्मा स्पेन किनाऱ्यावर उतरलेला असतो आणि हॉटेलांचे दरही चढलेले असतात. माझी पसंती सप्टेंबरला: पाणी अजून उबदार असतं आणि गर्दी ओसरू लागलेली असते.

दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर एक गोष्ट गांभीर्याने घ्या. शरद ऋतूत या किनाऱ्यावर अचानक ढगफुटीसारखा पाऊस कोसळतो. 29 ऑक्टोबर 2024 ला शेजारच्या व्हॅलेन्सिया प्रांतात अशाच पावसाने आलेल्या पुरात दोनशेहून जास्त माणसं गेली. हवामान खात्याचा लाल इशारा आला की सहल रद्द करा. कोरडे ओढे आणि तळघरातलं पार्किंग यांच्या जवळही जाऊ नका.

आम्ही शाकाहारी आहोत, अंडंही खात नाही. तिथे उपाशी राहावं लागेल का? (ठाणे)

उपाशी राहणार नाही, पण मागवताना नीट विचारावं लागेल. नुसतं 'शाकाहारी' म्हणून भागत नाही, कारण 'कार्ने' म्हणजे मांस म्हटलं की अनेकांच्या डोळ्यांसमोर मटणाचा तुकडाच येतो. हॅम आणि ट्युना त्यांच्या हिशेबात वेगळे असतात. साधी मिश्र कोशिंबीर मागवली तरी वर ट्युना येतो, मसुराच्या आमटीत डुकराच्या मांसाचा सॉसेज असतो आणि भाज्यांच्या पायेयाचा भात कित्येकदा कोंबडीच्या किंवा माशाच्या पाण्यात शिजवलेला असतो. म्हणून हे वाक्य पाठ करा: 'सिन कार्ने, सिन पेस्कादो, सिन हामोन, सिन आतून, सिन उएव्हो.' म्हणजे मांस, मासा, हॅम, ट्युना आणि अंडं नको. भाताच्या बाबतीत 'काल्दो दे व्हेर्दुरास?' असं विचारा, म्हणजे तो भाज्यांच्या पाण्यात शिजवलाय का ते कळेल.

बिनधास्त मागवावेत असे पदार्थही आहेत. टोमॅटो चोळलेला पाव, मीठ लावून तळलेल्या छोट्या हिरव्या मिरच्या (बहुतेक तिखट नसतात, पण एखादी निघतेच), भाजलेल्या वांगी-मिरच्यांची एस्कालिवादा, गास्पाचो हे टोमॅटोचं गार सूप. बटाट्याच्या तोर्तियात अंडं असतं. 'पातातास ब्राव्हास' म्हणजे तळलेल्या बटाट्यांवर मेयोनीजसारखा सॉस असेल तर तो वेगळा द्यायला सांगा. ओर्चाता हे थंड पेय कंदांपासून करतात, त्यात दूध नसतं. जवळच्या हिहोनाची बदामाची तुरोन मिठाई जगप्रसिद्ध आहे, पण तिच्यात अंड्याचा पांढरा भाग असतो, तेव्हा डब्यावरचे घटक वाचा. गावात भारतीय हॉटेलंही आहेत. चार दिवसांत एकदा वरण-भाताची आठवण आली तर तिथे जाण्यात काहीच कमीपणा नाही.

आता वेळेचं. दुपारचं जेवण दीड ते साडेतीन. तेव्हा 'मेनू देल दिया' मागा: ठरावीक किमतीत दोन पदार्थ, पाव आणि बहुतेक ठिकाणी गोड किंवा कॉफी. रात्रीचं जेवण नऊच्या सुमाराला. पर्यटकांच्या पट्ट्यात दिवसभर खायला मिळतं, पण चांगल्या स्थानिक खानावळीची चूल सायंकाळी सहाला बंद असते. जूनमध्ये सूर्यच साडेनवाच्या आसपास मावळतो, त्यामुळे नऊचं जेवण उशिराचं वाटतही नाही.

आम्ही लंडनजवळ राहतो, पासपोर्ट भारतीय आहेत. ब्रिटनचा व्हिसा पुरेल का? (वाचक दांपत्य)

नाही. शेंगेन व्हिसा, म्हणजे स्पेनसह युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी मिळून असलेला एकच व्हिसा लागेल आणि तुम्ही ब्रिटनचे रहिवासी असल्यामुळे अर्ज तिथूनच करायचा. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. मोठ्यांचं शुल्क 90 युरो आहे आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. आधी व्हिसाच्या भेटीची वेळ मिळवा, मगच परत न मिळणारी तिकिटं काढा. ऑक्टोबर 2025 पासून सीमेवर बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यामुळे विमानतळावर हाताशी जास्त वेळ ठेवा.

आई 72 वर्षांची आहे, गुडघे दुखतात. कोणत्या बाजूला राहावं? समुद्रात उतरता येईल का? (कोल्हापूर)

हा प्रश्न वाचून फार बरं वाटलं, कारण याचं उत्तर चांगलं आहे. गावात दोन मोठे किनारे आहेत: उगवतीचा लेव्हान्ते, सुमारे दोन किलोमीटर, आणि मावळतीचा पोनियेन्ते, सुमारे तीन. मधल्या खडकावर जुनं गाव आहे. लेव्हान्तेवर रात्री उशिरापर्यंत गाणी आणि दारूची दुकानं चालतात. तुम्ही पोनियेन्तेच्या बाजूला, समुद्रालगतच्या सपाट रस्त्यावरचं हॉटेल घ्या. मागच्या गल्ल्या चढाच्या आहेत, म्हणून नकाशावर 'समुद्रापासून पाच मिनिटं' दिसलं तरी मध्ये चढ आहे का ते हॉटेलला विचारा.

दोन्ही किनाऱ्यांवर अपंग आणि वृद्धांसाठी खास जागा आहेत. वाळूवर फळ्यांची वाट, सावली आणि पाण्यात नेता येणारी चाकांची खुर्ची असते. उन्हाळ्यात मदतनीसही असतात. त्यांच्या आधाराने आईंना मानेपर्यंत पाण्यात बसता येईल. सकाळी दहाच्या आत जा. दुपारी दोन ते पाच खोलीत झोप, मग संध्याकाळी सातनंतर पुन्हा किनारा. स्पेनमधली आजीआजोबा मंडळी हेच करतात.

अलिकान्ते विमानतळावरून बेनिडॉर्मला थेट बस आहे, पाऊण तासाच्या आसपास लागतो. माद्रिदहून वेगवान रेल्वेने आलात तर अलिकान्तेच्या लुसेरोस स्थानकातून ट्राम मिळते. तिला तासाहून जास्त वेळ लागतो, पण वाटेत समुद्र दिसत राहतो.

तिथला समुद्र सुरक्षित आहे का? आणि अंगभर कपड्यांत उतरलं तर चालतं का? (मुंबई)

भूमध्य समुद्रात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर असतो, म्हणून आपल्यासारखं वेळापत्रक पाहावं लागत नाही. पण पूर्वेचा वारा सुटला की लाटा आणि ओढ वाढते. हिरवा झेंडा असेल तर उतरा, पिवळा असेल तर मुलांचा हात धरून कडेलाच राहा. लाल असेल तर पाण्यात पाऊलही नको. जेलीफिश डसली तर चोळू नका आणि गोडं पाणी टाकू नका. समुद्राच्याच पाण्याने धुवा आणि जीवरक्षकाकडे जा. कुठल्याही संकटात 112 हा क्रमांक.

अंगभर पोहण्याचा पोशाख चालतो, कुणी वळूनही बघत नाही. तसंच तिथल्या बायका काय घालतात याकडे आपणही टक लावून पाहू नये. 1950 च्या दशकात, स्पेनमध्ये फार कडक वातावरण असताना, इथले महापौर पेद्रो सारागोसा यांनी बिकिनीला मोकळीक दिली होती. हॉटेलच्या तलावात मात्र सुती कपडे, साडी किंवा टी-शर्ट चालत नाही.

पाकीटमारांची भीती वाटते. (नागपूर)

भीती नको, सावधपणा हवा. समुद्राकाठच्या रस्त्यावर वाट्याखालची गोटी ओळखायचा खेळ दिसेल. जिंकणारे त्यांचेच साथीदार असतात, तिथे थांबूही नका. फूल देण्याच्या किंवा मिठी मारण्याच्या निमित्ताने कुणी अंगाशी आलं तर दोन पावलं मागे व्हा. वयस्कर माणसांच्या गळ्यातली साखळी अशीच जाते. सोनं घरी ठेवा आणि पासपोर्ट खोलीतल्या तिजोरीत. बाहेर जाताना त्याची छायाप्रत बरोबर असू द्या. पासपोर्टच गेला तर आधी पोलिसांत 'देनुन्सिया', म्हणजे तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या, कारण माद्रिदच्या भारतीय दूतावासात आणि विम्यासाठीही ती मागतात.