‘धीर’ की ‘चिकाटी’? ख्रिस्ती लेखनातील एका शब्दजोडीविषयी

एका वाचक भगिनीने विचारले आहे की, त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, ‘ख्रिस्ती जीवनातील आशा आणि चिकाटी’ या विषयावर चार शब्द बोलण्याचे काम त्यांच्याकडे आले असून त्यातला ‘चिकाटी’ हा शब्द त्यांना खटकतो. पवित्र शास्त्रात त्यांनी लहानपणापासून ‘धीर’ वाचला आहे. कोणी ‘सहनशीलता’ सुचवली, कोणी ‘सबुरी’. यांपैकी नेमका शब्द कोणता, आणि ‘आम्ही आशा करतो’ ही रचना मराठीला धरून आहे का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

पहिल्याचे उत्तर आधी देतो: शीर्षकात ‘धीर’ हाच शब्द असावा. त्याचे मुख्य कारण शब्दकोशात मिळत नाही. ‘धीर’ या नामाबरोबर मराठीत कोणती क्रियापदे येतात, ते पाहिले म्हणजे ते कळते. धीर धरतात, धीर सोडतात, धीर सुटतो, धीर खचतो. आणि मुख्य म्हणजे धीर देतात. घरात मृत्यू झाला की शेजारीपाजारी धीर द्यायला येतात. चिकाटीचे तसे नाही. ती माणसाच्या अंगी असते किंवा नसते, फार तर तो ती दाखवतो. पण ‘त्यांनी मला चिकाटी दिली’ असे कोणी म्हणत नाही. ख्रिस्ती विचारात हा भेद बारीकसारीक नाही. बायबलच्या उत्तरभागात, म्हणजे नव्या करारात, असलेल्या रोमकरांस पत्राच्या पंधराव्या अध्यायात ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल देवाला धीर देणारा म्हणतो आणि काही ओळींनंतर त्यालाच आशेचा देव म्हणतो. टिकून राहण्याचे बळ माणसाने स्वतःच्या स्वभावातून काढायचे नसून ते त्याला मिळायचे आहे, हा त्या पत्राचा आग्रह आहे, आणि मराठीतल्या ‘धीर देणे’ या साध्या प्रयोगात तो विनासायास मावतो.

नव्या करारात या ठिकाणी मूळ ग्रीक शब्द ‘हुपोमोने’ असा आहे. ‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘मेनो’ म्हणजे राहणे. ओझ्याखालून निघून न जाता तिथेच राहणे, असा त्याचा अवयवार्थ. बोली मराठीत याला जवळचे प्रयोग ‘कळ काढणे’ आणि ‘तग धरणे’ हे आहेत. पहिल्यात वेदना आहे, दुसऱ्यात टिकणे आहे, आणि ग्रीक शब्दात दोन्ही आहेत. त्यात आणखीही एक गोष्ट आहे, जी मराठी वाचकाला सहसा सांगितली जात नाही. ख्रिस्तपूर्व काळात यहुदी विद्वानांनी इब्री (हिब्रू) शास्त्राचे ग्रीक भाषांतर केले, तेव्हा एकाहत्तराव्या स्तोत्राच्या पाचव्या ओवीत, जिथे इब्रीमध्ये ‘तूच माझी आशा’ अशा अर्थाचा ‘तिक्वा’ हा शब्द आहे, तिथे त्यांनी ‘हुपोमोने’ वापरला आणि त्याच ओवीच्या उत्तरार्धात आशेचा नेहमीचा ग्रीक शब्द ‘एल्पिस’ घातला. म्हणजे आशा आणि धीर ही जोडी पौलाने जुळवलेली नाही. त्याच्या हाती आलेल्या शास्त्रात ते दोन्ही शब्द एकाच ओवीत शेजारी बसलेले होते.

थेस्सलनीका येथील मंडळीला लिहिलेले पहिले पत्र नव्या करारातल्या सर्वांत जुन्या लेखनापैकी एक असून ते साधारण इ.स. ५० च्या सुमाराचे मानतात. त्या मंडळीतली काही माणसे प्रभूच्या पुनरागमनाची वाट पाहता पाहता मरण पावली होती आणि मागे राहिलेल्यांना त्यांच्याविषयी घोर लागला होता. पत्राच्या अगदी आरंभी पौल त्यांच्या तीन गोष्टींची आठवण करतो, त्यांतली तिसरी प्रचलित मराठी भाषांतरात ‘आशेमुळे धरलेला धीर’ अशी आली आहे. माझ्या मते मराठी शास्त्रातल्या उत्तम शब्दयोजनांपैकी ही एक आहे. आशा कारण आहे, धीर तिचे दृश्य रूप आहे, आणि ‘धरलेला’ या कृदंताने दोन्हींची गाठ घातली आहे. मराठीत आशाही धरतात आणि धीरही धरतात. दोन्ही सुटू शकतात. इतर कित्येक भाषांना ही सोय नाही.

रोमकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातली साखळी मात्र आजच्या वाचकाला दोन जागी अडवते. ‘संकटाने धीर, धीराने शील व शीलाने आशा निर्माण होते’ या वाक्यात ‘शील’ या शब्दाने चारित्र्याचा, किंबहुना केवळ लैंगिक शुद्धतेचा अर्थ मनात येतो. मूळ शब्द पारखून निघालेल्या वस्तूचा गुण सांगतो. सोने कसाला लावल्यावर खरे ठरते, तो हा खरेपणा. आजच्या मराठीत ‘कसोटीला उतरणे’ म्हटले की अर्थ लख्ख होतो. दुसरी अडचण लगेच पुढे, ‘आशा लाजवत नाही’ या शब्दांत आहे. ‘लाजवणे’ म्हटले की आज आपल्याला ‘अप्सरेलाही लाजवील असे रूप’ आठवते आणि वाक्य विनाकारण गूढ वाटू लागते. येथे अभिप्रेत असलेली लाज निराळी आहे: ज्याच्या भरवशावर चारचौघांत शब्द दिला त्याने आयत्या वेळी पाठ फिरवावी आणि आपली फजिती व्हावी, ती. ही आशा तोंडघशी पाडत नाही, असे म्हटले तर वाक्याचा रोख बरोबर कळतो. मराठीत ‘आशेला लावणे’, ‘आशेवर झुलवणे’, ‘वेडी आशा’, ‘आशाळभूत’ असे प्रयोग इतके आहेत, आणि संतवाङ्मयातही आशेची गणना बहुधा तृष्णेबरोबर, तोडून टाकण्याच्या पाशांत झालेली आहे, की ख्रिस्ती लेखकाला ‘आशा’ हा शब्द वापरताना तो कोणाच्या भरवशावरचा हे सांगावेच लागते. पौल येथे तेच करतो.

‘सहनशीलता’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु तो दुसऱ्या ग्रीक शब्दाच्या वाट्याला जातो. ‘माक्रोथुमिया’ म्हणजे राग लांबणीवर टाकणे; स्तोत्रांत देवाला ‘मंदक्रोध’ म्हटले आहे, तोच हा गुण. तो मुख्यतः माणसांच्या संबंधात लागतो. उद्धट नातेवाईक सहनशीलतेने सोसावा, दीर्घ आजारपण धीराने काढावे, असा स्थूल भेद करता येईल. ग्रीक लेखकांनी तो प्रत्येक ठिकाणी काटेकोर पाळलेला नाही: याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायात पावसाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यासाठी ‘माक्रोथुमिया’चे क्रियापद येते आणि चार ओव्यांनंतर ईयोबासाठी, म्हणजे जुन्या करारातल्या त्या संकटग्रस्त भक्तासाठी, ‘हुपोमोने’ येतो. ‘सबुरी’ अरबी ‘सब्र’पासून आलेली आहे आणि मराठी मनात ती शिर्डीशी इतकी जोडली गेली आहे की ख्रिस्ती विषयाच्या शीर्षकात ती लक्ष दुसरीकडे नेईल. शिवाय ‘जरा सबुरीने घ्या’ यात थांबणे आहे, तगणे नाही.

ईयोबाचा उल्लेख आलाच आहे, तर ‘धीर’ या शब्दाच्या एका सावलीविषयी सावध करणे आवश्यक वाटते. संस्कृतात विकाराचे कारण समोर असतानाही ज्यांचे चित्त ढळत नाही तेच धीर, अशी कालिदासाने केलेली व्याख्या प्रसिद्ध आहे, आणि सुशिक्षित मराठी वाचकाच्या कानात ती असते. त्या मापाने ईयोब नापास होईल. तिसऱ्या अध्यायापासून तो आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, मित्रांशी भांडतो, देवाला जाब विचारतो. तरीही याकोब त्यालाच धीराचे उदाहरण म्हणून पुढे करतो, कारण इतके बोलूनही तो देवाला सोडून जात नाही. त्याची तक्रारसुद्धा देवापाशीच आहे. रडणाऱ्याला ‘विश्वास ठेवणाऱ्याने रडू नये’ असे सांगणाऱ्यांनी हे पुस्तक पुन्हा वाचावे. मराठी बोलीतला धीर कालिदासाच्या धीरापेक्षा ईयोबाच्या अधिक जवळचा आहे: आपण रडणाऱ्या माणसालाच धीर देतो.

मग ‘चिकाटी’ला जागाच नाही का? आहे, आणि ती कामाच्या संदर्भात आहे. पंडिता रमाबाईंनी उतारवयात मूळ इब्री आणि ग्रीक भाषांवरून मराठी बायबल सिद्ध केले, सामान्य बायकांना कळेल अशी सोपी भाषा वापरण्याचा कटाक्ष ठेवला आणि केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये ते छापण्याची व्यवस्था केली. १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या मनोरमा वारली. एप्रिल १९२२ मध्ये त्या स्वतः गेल्या. कन्येच्या पश्चात त्यांनी धरला तो धीर, आणि कितीतरी वर्षे ओळीमागून ओळ भाषांतर तपासत राहिल्या ती चिकाटी. त्यांच्या बाबतीत दोन्ही शब्द लागतात आणि एकाच्या जागी दुसरा घातला तर वाक्य बिघडते. त्याच न्यायाने इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात, धावेच्या रूपकात, प्रचलित भाषांतरातले ‘धीराने धावावे’ मला थोडे अडते. ‘धीराने घे’ म्हणजे घाई करू नको, असा आपला रोजचा अर्थ असल्यामुळे धावणाऱ्याला तो सल्ला विचित्र वाटतो. तिथे ‘नेटाने’ किंवा ‘चिकाटीने’ अधिक शोभले असते.

दुसरा प्रश्न ‘आशा करणे’ या प्रयोगाचा. हा प्रयोग आता छापील मराठीत रुळत चालला आहे, पण तो हिंदीच्या आणि इंग्रजीच्या वळणाने आलेला आहे. मराठीत आशा असते, वाटते, धरतात, ठेवतात, बाळगतात. ‘आपण याल अशी आशा करतो’ याऐवजी ‘आपण याल अशी आशा आहे’ पुरते. प्रार्थनेत तर ‘प्रभू, आम्ही तुझी आशा धरतो’ हेच हवे. ‘तुझी आशा करतो’ यातून धरून राहण्याचा भाव निघून जातो.

बोलताना एका ठिकाणी मात्र भगिनींनी जपावे. इब्री लोकांस पत्राच्या सहाव्या अध्यायात आशेला जिवाचा ‘नांगर’ म्हटले आहे, आणि लूकच्या शुभवर्तमानात ‘नांगराला’ हात घातल्यावर मागे पाहणाऱ्याविषयी येशूचे कठोर बोल आहेत. मराठीत उच्चार एकच असला तरी हे दोन वेगळे शब्द आहेत: जमिनीचा नांगर संस्कृत ‘लांगल’पासून आला आणि जहाजाचा फारसी ‘लंगर’पासून. किनाऱ्यावरच्या श्रोत्याला दोन्ही ठाऊक असतात, देशावरच्या श्रोत्यासमोर मात्र आशेच्या ओवीतही बैल उभे राहतात. तेव्हा पहिली ओवी वाचण्याआधी ‘गलबताचा नांगर’ एवढे एकदा सांगून टाकावे.