वारज्यातला दुसरा फ्लॅट: हप्ता ४३ हजार, भाडं २० हजार

तुमचं विचारणं थोडक्यात असं आहे: वारज्यात रीसेलचा टू बीएचके ६५ लाखांना मिळतोय, ५० लाख कर्ज काढावं लागेल, भाडं २० हजार येईल असं एजंट म्हणतो. हप्ता भाड्यातून सुटेल का, भाडेकरू घर बळकावून तर बसणार नाही ना, आणि फ्लॅट बायकोच्या नावावर घ्यावा का? मी पुण्यात बरीच वर्षं दोन फ्लॅट भाड्याने देतोय, एक माझा आणि एक परदेशात असलेल्या बहिणीचा. त्या अनुभवावरून लिहितो.

हप्ता सुटणार नाही. साडेआठ टक्के व्याजाने ५० लाखांचा २० वर्षांचा हप्ता ४३,४०० च्या आसपास बसतो, म्हणजे दरमहा २३ हजार पगारातून घालायचे. शिवाय खरेदीच्या वेळी ७ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे साडेचार लाखांच्या वर, ३० हजार नोंदणी फी, आणि एजंटचं कमिशन. भाड्याचे वर्षाचे २ लाख ४० हजार म्हणजे किमतीच्या पावणेचार टक्केही होत नाहीत, आणि त्यातून मेंटेनन्स, मिळकतकर, दुरुस्ती, रिकामे महिने वजा करायचेत. पुणे महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते ती स्वतः राहणाऱ्याला. घर भाड्याने दिलं की ती जाते. हा खर्च एजंटच्या हिशोबात कधीच नसतो.

आयकराचंही बघून ठेवा. भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा होतो, उरलेल्यावर सरसकट ३० टक्के वजावट मिळते आणि मग कर्जाचं व्याज. मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही, तो त्या ३० टक्क्यांतच आला. पहिल्या वर्षी व्याजच सव्वाचार लाखांच्या घरात असेल, त्यामुळे कागदावर तोटा दिसेल. जुन्या करप्रणालीत तो २ लाखांपर्यंत पगारातून वजा करता येतो, नव्या प्रणालीत अजिबात नाही. ‘टॅक्स वाचेल’ म्हणून घर घेणारे बरेच जण आता नव्या प्रणालीत आहेत. थोडक्यात, तुम्ही भाड्यासाठी नाही, भाव वाढेल या आशेवर घेताय. त्यात वाईट काही नाही, फक्त २३ हजार आणि वर वर्षातून एखादा रिकामा महिना झेपत असेल तरच.

आता घर बळकावण्याची भीती. ती आली कुठून तेही सांगतो. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली, आणि १ फेब्रुवारी १९७३ ला जे परवान्यावर, म्हणजे भाडेकरू न होता नुसत्या राहण्याच्या परवानगीवर, राहत होते त्यांना दुरुस्तीने थेट भाडेकरूचं संरक्षण मिळालं. अनेक मालकांची घरं तेव्हा अडकली, आणि आपल्या वाडवडिलांच्या डोक्यात ते पक्कं बसलं. पण ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू आहे. लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक काळ राहू देण्याच्या कराराची, मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा दाव्यांसाठी नेमलेला सरकारी अधिकारी) अर्ज करता येतो, लेखी करार तिथे निर्णायक पुरावा धरला जातो, आणि मुदतीनंतरच्या काळासाठी दुप्पट भाडं मागता येतं. तारखा पडतात, वेळ जातो, पण घर जात नाही. अकरा महिन्यांच्या वर ठेवला की तो मालक होतो, हे निव्वळ ऐकीव आहे.

मात्र हे सगळं कागदावर उभं आहे. कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. इतर बऱ्याच राज्यांत अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही म्हणून इथेही नोटरीवर भागवणारे आहेत. महाराष्ट्रात ते चालत नाही. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि हे वाचवायचं कशासाठी? मुद्रांक शुल्क एकूण भाड्यावर आणि डिपॉझिटच्या १० टक्के वार्षिक व्याजावर मिळून फक्त ०.२५ टक्के. २० हजार भाडं, ६० हजार डिपॉझिट, अकरा महिने, तर सहाशेच्या आत. नोंदणी फी शहरात १ हजार. करार करून देणारे घरी येऊन अंगठे घेतात, त्यांचा मेहनताना वेगळा. सोबत पोलिसांकडे भाडेकरूची माहिती ऑनलाइन भरा. आणि कितीही वैताग आला तरी पाणी-वीज तोडू नका. भाडे नियंत्रण कायद्यात तो गुन्हा आहे, आणि तुमची चांगली बाजू तिथेच लंगडी होते.

करारात पुढच्या गोष्टी साध्या मराठीत लिहून घ्या: नोटीस किती दिवसांची, रंगाचा खर्च कोणाचा, गीझर बिघडला तर कोण दुरुस्त करणार, फिटिंग्जची यादी. चावी देताना प्रत्येक खोलीचा व्हिडिओ काढून तो व्हॉट्सॲपवर भाडेकरूला पाठवा. डिपॉझिटची भांडणं नव्वद टक्के भिंतीच्या डागावरून होतात (हा माझा अंदाज, सर्वेक्षण नव्हे). वीजमीटर तुमच्या नावावर असतो, तेव्हा महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून बिल भरलंय का ते अधूनमधून बघा, आणि डिपॉझिट परत करण्याआधी शेवटचं रीडिंग घ्या. डिपॉझिट खर्चू नका, एफडीत ठेवा.

माणूस निवडताना आधीच्या घरमालकाला फोन करा. सध्याच्या नव्हे, त्याच्या आधीच्या. सध्याच्याला कदाचित सुटका हवी असते, तो गोडच बोलेल. पगाराची स्लिप मागण्यात लाजायचं काही नाही. ‘फक्त फॅमिली, फक्त व्हेज’ अशा पाट्या मी लावत नाही. वेळेवर भाडं देणारा ताटात काय वाढतो याचं मला देणंघेणं नाही. सोसायटीच्या सेक्रेटरीला असू शकतं, तो वेगळा वैताग.

सोसायटीचंच निघालं तर: कराराची प्रत देऊन त्यांना कळवा. नॉन-ऑक्युपन्सी चार्ज, म्हणजे मालक स्वतः राहत नाही म्हणून सोसायटी घेते ती जादा रक्कम, १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशाप्रमाणे सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही, आणि सेवाशुल्कात महापालिकेचे कर धरायचे नसतात. संपूर्ण मेंटेनन्सवर दहा टक्के लावणाऱ्या समित्या आहेत. लेखी विचारा, बहुतेक वेळा आकडा मुकाट खाली येतो.

भाडेवाढीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. चांगला भाडेकरू १ हजार वाढ द्यायला कां-कूं करत असेल तर तो पाचशेवर राहू दे. तुम्हाला वर्षाला ६ हजार कमी मिळतील. तो गेला आणि घर महिनाभर रिकामं राहिलं की २० हजार गेले, वर एजंटला एक भाडं, वर रंग.

बायकोच्या नावावर: फक्त महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे, तुमच्या बाबतीत ६५ हजार. पण पैसे सगळे तुमचेच असतील तर भाडं आयकरात तुमच्याच उत्पन्नात धरलं जाईल. त्या स्वतः कमावत्या असतील आणि कर्जही त्यांच्या नावावर निघत असेल, तर जरूर घ्या.