आइसलंडमध्ये मुलांना आणि आईला घेऊन घोड्यावरून फिरायला जावं का?

तुमचा प्रश्न असा आहे: जूनमध्ये आइसलंडला निघालात, मुलं ८ आणि १३ वर्षांची, सोबत आई, घरात कुणालाच घोड्यावर बसायची सवय नाही. मग घोडेस्वारीवर एवढे पैसे घालावेत, की तो वेळ धबधब्यांना द्यावा? मी म्हणेन, घोड्यावर बसाच. दक्षिण किनाऱ्याच्या रस्त्याने जाताना धबधबे इतके लागतात की एखादा राहिला तरी हळहळ वाटत नाही. आम्हीही मुलांना घेऊन जूनमध्येच गेलो होतो, आणि त्या सहलीचा विषय निघाला की मुलं आधी घोड्यांचं बोलतात.

आपल्याकडे घोड्यावर बसणं म्हणजे माथेरान नाहीतर महाबळेश्वरचं वेण्णा लेक. घोडेवाला लगाम धरून चालणार, आपण वर बसून राहणार. तिकडे लगाम तुमच्या हातात देतात. वाट दाखवणारी मुलगी पुढे तिच्या घोड्यावर, तिचा एक सोबती सगळ्यांच्या मागे, आणि मधे आपण एकामागे एक. निघण्याआधी थांबवायचं कसं, वळवायचं कसं, रिकिबीत पाऊल किती घालायचं, हे आवारात करून घेतात. माझी मुलगी तेव्हा साधारण तुमच्या धाकट्याच्या वयाची. सुरुवातीला खोगिराला घट्ट धरून बसली होती. घोडा वाटेवरच्या गवताला तोंड लावायला थांबला, तिने लगाम ओढून त्याची मान वर घेतली, आणि तो मुकाट्याने चालू लागला. "बाबा, तो माझं ऐकतोय!" हे ती जे ओरडली, त्यासाठी मी दुप्पट पैसे दिले असते.

हे घोडे नवव्या-दहाव्या शतकात नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातून आलेल्या लोकांनी जहाजांतून तिथे नेले. ९८२ साली तिथल्या आल्थिंगी या सभेने बाहेरून घोडे आणायला बंदी केली, असं सांगतात. बंदी आजही आहे, आणि ती इतकी कडक की स्पर्धेसाठी परदेशी गेलेला घोडासुद्धा पुन्हा मायदेशी येऊ शकत नाही. खांद्यापाशी उंची जेमतेम १३० ते १४५ सेंटिमीटर, पण मोठ्या माणसाला आरामात वाहून नेतात. मुलांना उंचीची भीती वाटत नाही, हा मोठाच फायदा.

आणि त्यांची चाल! साधी चाल, दुडकी आणि चौखूर यांशिवाय 'ट्योल्ट' नावाची एक चाल त्यांच्या अंगातच असते. एक तरी पाय सतत जमिनीवर असतो, त्यामुळे वेग वाढला तरी बसणारा उडत नाही. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात रेवाल चालीचे घोडे पाहिले असतील, तर कल्पना येईल. थोरल्याला ही चाल अनुभवायला मिळेल असं बघा. मात्र नवशिक्यांच्या गटात बहुतेक वेळ साधी चालच असते, म्हणून एका तासाची फेरी घेऊ नका. पहिला अर्धा तास भीती जाण्यातच जातो. दोन तासांची घ्या.

जागा म्हणाल, तर रेक्याविकपासून सुमारे ४५ किलोमीटरवर ह्वेरागेर्दी नावाचं छोटं गाव आहे, तो भाग मला फार आवडला. जमिनीतून जागोजागी वाफ निघते, त्याच उष्णतेवर गावातली काचघरं चालतात. एकीकडे शेवाळाने मऊ झालेला लाव्हा, दुसरीकडे कुरणं, आणि जूनमध्ये ल्युपिनच्या जांभळ्या फुलांचे पट्टेच्या पट्टे. मोटारीतून हे सगळं पाच मिनिटांत मागे पडतं. घोड्यावरून पक्ष्यांचे आवाज ऐकू येतात, गंधकाचा वास नाकाशी येतो. वाटेत उथळ ओढा लागला तर मुलांना सांगा: पाण्याकडे बघायचं नाही, पलीकडच्या काठाकडे बघायचं, आणि लगाम जरा सैल सोडायचा. पाय कुठे टाकायचा ते घोड्याला बरोबर कळतं.

एक गोष्ट मात्र घरूनच करून निघा. इथे नुकतेच घोड्यांजवळ गेला असाल, तर ते बूट आणि कपडे नीट धुऊन, वाळवून न्या. घोडेस्वारीचे वापरलेले चामडी हातमोजे वगैरे तर नेऊच नका, त्यांना तिथे मनाई आहे. हजार वर्षं वेगळं राहिल्यामुळे त्या घोड्यांना बाहेरच्या रोगांची सवयच नाही. २०१० मध्ये त्यांच्यात खोकल्याची साथ देशभर पसरली आणि त्या वर्षीचा राष्ट्रीय अश्वमेळावा पुढे ढकलावा लागला. मुलांना हे कारण समजावून सांगितलंत, तर बूट घासायला तीच पुढे येतील.

कपड्यांचं म्हणाल तर आत थर्मल, त्यावर लोकर. जून असला तरी पारा १० अंशांच्या आसपास असतो आणि वारा झोंबतो. हेल्मेट बहुतेक ठिकाणी तेच देतात, पावसाचा सूटही अनेकदा मिळतो. वजनाची मर्यादा बहुधा १०० ते ११० किलोंच्या आसपास असते, आणि मुलांच्या वयाची अट प्रत्येक तबेल्याची वेगळी, तेव्हा नोंदणी करतानाच विचारा. आणि "आम्ही सगळे नवखे" हे स्पष्ट लिहा. त्यावरूनच घोडे ठरतात. पोरांच्या उत्साहात "थोडं येतं" असं लिहिलंत, तर जरा तेज घोडा वाट्याला येईल.

आईंचं गुडघ्यांवर आणि कमरेवर ठरवा. चढायला पायरी किंवा स्टूल ठेवतात, पण बसल्यावर मांड्या ताणल्या जातातच, आणि उतरताना ते जास्त जाणवतं. आधी त्यांना आवारात पाच मिनिटं बसवून बघण्याची विनंती करा. जमलं तर त्यांना वाट दाखवणाऱ्या मुलीच्या लगेच मागे ठेवा, धाकट्याला त्यांच्या मागे, आणि तुम्ही त्याच्या मागे राहा.